रोड बाईकला क्लिपलेस पेडल: दोन बोल्ट की तीन?

घाटमाथा

नमस्कार. अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक आहे, सोबत आलेली सपाट पेडलं अजून तशीच आहेत. आठवड्याला साधारण १२० किमी होतात: सिंहगड पायथा, बोपदेव घाट, महिन्यातून एकदा जुन्या हायवेने लोणावळा. हिवाळ्यात पहिली २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची २०० किमीची राइड) करायचा विचार आहे.

आता क्लिपलेस घ्यायचं ठरवलंय, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली क्लीट (छोटा तुकडा) ज्यात अडकते ती पेडलं. सायकलिंगचे बूट नाहीत, म्हणजे पाटी कोरी आहे. शिमानोचं दोन बोल्टच्या क्लीटचं एसपीडी घ्यावं की तीन बोल्टचं एसपीडी-एसएल? लूक कंपनीचं किओ तिसरीकडून सुचवलं जातंय. पंजा रुंद आहे. शहरातून बाहेर पडेपर्यंत पंधरा-वीस सिग्नल लागतात, तिथे पाय वेळेवर सुटेल का ही मुख्य धास्ती. पेडल आणि क्लीट घरीच बसवायची इच्छा आहे, तेव्हा त्यातल्या खाचाखोचाही सांगा.

---

ओलीचेन

पेडल शेवटी निवडा. आधी बूट. आणि बुटाच्याही आधी हा हिशोब करा की एका राइडमध्ये तुम्ही कितीदा उतरता आणि कुठे उतरता.

२०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. त्यात कंट्रोलवरचा (वाटेतल्या तपासणी ठिकाणचा) शिक्का, चहा-नाश्ता, बाटल्या भरणं, एखादं पंक्चर धरलं तर आठ-दहा वेळा सहज उतरणं होतं. तेही पेट्रोल पंपाच्या गुळगुळीत काँक्रीटवर, हॉटेलच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, रस्त्याकडेच्या मुरुमात. चढावर दम संपला तर सायकल हातात धरून चालणंही आलं. या सगळ्यात पायात काय आहे ते महत्त्वाचं.

दोन बोल्टची पद्धत म्हणजे शिमानोची एसपीडी. ती १९९० मध्ये माउंटन बाईकसाठी आली. क्लीट लहान, पोलादी, आणि बुटाच्या तळव्यातल्या खोबणीत आत बसणारी. त्यामुळे रबरी सोल जमिनीला टेकतो आणि माणूस माणसासारखा चालतो. तीन बोल्टच्या पद्धतीत, म्हणजे एसपीडी-एसएल आणि किओमध्ये, प्लास्टिकची मोठी त्रिकोणी क्लीट गुळगुळीत सोलच्या खाली पूर्ण बाहेर असते. चवडा उंच आणि टाच खाली, त्यामुळे चाल बदकाची. ओल्या फरशीवर तर जपूनच.

तुमच्या वापराला माझं मत सरळ एसपीडीला. त्यातले तीन पर्याय बघा:

एम५२०: दोन्ही बाजूंनी पाय अडकतो, खाली बघावं लागत नाही. जोडी ३८० ग्रॅम. सिग्नल सुटल्यावर याचं महत्त्व कळतं.

ईएस६००: एकाच बाजूने अडकतं, पण टेकायला जागा थोडी जास्त आणि वजन २७९ ग्रॅम.

ईएच५००: एक बाजू सपाट, एक बाजू एसपीडी. चपला घालून कोपऱ्यावर दूध आणायला जाणाऱ्यांसाठी. नुसत्या राइडसाठी घेऊ नका, दर वेळी नेमकी नको ती बाजू वर येते.

वजनाच्या मागे लागू नका. एम५२० आणि शिमानोच्याच १०५ मालिकेतलं कार्बन बॉडीवालं एसपीडी-एसएल पेडल आर७००० यांत ११५ ग्रॅमचा फरक आहे. बाटलीतले चार घोट पाणी.

---

तिसराबोल्ट

वरच्या प्रतिसादातला चालण्याचा मुद्दा मान्य. पण सगळ्यांना सरसकट एसपीडी सांगायची आपल्याकडे सवयच झाली आहे, म्हणून दुसरी बाजू.

२०० किमीत चालणं फार तर अर्धा तास, बाकीचे आठ-दहा तास पाय पेडलवर. एसपीडीची क्लीट लहान, त्यात बूट नरम सोलचा असेल तर सगळा दाब चवड्याखाली एका ठिपक्यावर येतो. पहिल्या शंभर किमीत काही वाटत नाही, मग तिथे जळजळ सुरू होते, बोटं बधिर होतात. रुंद पंजाला हे लवकर होतं, कारण बूट आधीच दोन्ही बाजूंनी दाबत असतो आणि दुपारच्या उन्हात पाय आणखी सुजतो. तीन बोल्टच्या रुंद क्लीटवर दाब पसरतो. म्हणून एसपीडी घ्याच, पण मग बूट कडक सोलचा हवा. बूट दोन्ही हातांत धरून वाकवून पाहा. चवड्यापाशी सहज दुमडला तर तो जिमच्या स्पिन बाईकसाठी ठीक, दोनशेसाठी नाही.

तीन बोल्टमध्ये जाणार असाल तर क्लीटचे रंग पाठ करा. शिमानोत पिवळी ६ अंश, निळी २ अंश, लाल शून्य. किओमध्ये लाल ९ अंश, करडी ४.५, काळी शून्य. हे अंश म्हणजे अडकलेल्या अवस्थेत टाच किती इकडेतिकडे फिरू शकते ते. गोंधळ लाल रंगाचा होतो: शिमानोची लाल म्हणजे पाय जखडलेला, किओची लाल म्हणजे सर्वांत मोकळा. नव्या माणसाने शिमानोची पिवळी किंवा किओची करडी घ्यावी. शून्य अंशाची क्लीट नेमक्या कोनात बसली नाही तर चूक गुडघा भरून काढतो.

बुटाची भोकं दोन्हींना तीच असली तरी किओची क्लीट शिमानोच्या पेडलमध्ये बसत नाही, शिमानोची किओत नाही. लूकची जुनी डेल्टा तिसरीच, ती अजून बऱ्याच स्पिन बाईकवर दिसते. ऑनलाइन घेताना नुसतं ‘लूक’ लिहिलेलं पाहून मागवू नका.

इतिहासाची हौस असेल तर: ही सगळी वंशावळ बर्फावरच्या स्कीच्या बाइंडिंगमधून आली. स्कीची बाइंडिंग बनवणाऱ्या लूकने १९८४ मध्ये पेडल काढलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने त्यावर तूर द फ्रान्स जिंकली. त्याआधी बूट धातूच्या पिंजऱ्यात घालून पट्ट्याने आवळायचे. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत, तो गेला म्हणून ‘क्लिपलेस’. नाहीतर ज्यात क्लिप होतं त्याला क्लिपलेस का म्हणायचं, हा प्रश्न दर नव्या माणसाला पडतोच.

---

पाना१५

निवडीवर वाद चालू द्या, मी बसवण्याचं लिहितो. यात चुका जास्त होतात.

जुनी पेडलं काढताना आधी चेन पुढच्या मोठ्या चकतीवर घ्या. पाना सटकला तर हात दात्यांवर आपटतो, चेन असेल तर निदान रक्त निघत नाही. पाना १५ मिमीचा, पण पेडलचा पातळ पाना. साधा फिक्स पाना बहुतेक वेळा क्रँक (पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो हात) आणि पेडलच्या फटीत जात नाही. काही पेडलांना पान्याची जागाच नसते, क्रँकच्या आतल्या बाजूने ६ किंवा ८ मिमीची अ‍ॅलन की लागते. पेडल हातात घेऊन पाहा, मग हत्यार घ्या.

डाव्या पेडलला उलटे आटे असतात. हे डाव्या-उजव्याच्या भाषेत लक्षात राहत नाही, म्हणून असं धरा: पान्याचा वरचा टोक पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. दोन्ही बाजूंना हाच नियम, आतून अ‍ॅलन लावलीत तरी हाच. जाम झालं असेल तर आट्यांवर भेदक तेल मारून रात्रभर ठेवा. पान्यावर उडी मारू नका.

नवीन बसवताना:

१. पेडलच्या दांडीवर एल आणि आर कोरलेलं असतं. एल डावीकडे.

२. क्रँकचे आटे कापडाने पुसा, पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा. आटे कोरडे राहिले तर काही महिन्यांनी चढावर ‘कट-कट’ सुरू होतं आणि लोक बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या मधलं बेअरिंग) बदलून बसतात.

३. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच. अडलं तर मागे घ्या, परत लावा. दांडी पोलादाची, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. तिरकं घुसवलं तर क्रँकचेच आटे जाणार.

४. शिमानोचा टॉर्क ३५ ते ५५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर नेहमीच्या पेडल पान्यावर एका हाताचा चांगला जोर पुरे. क्रँकसोबत पातळ वॉशर आले असतील तर ते मधे घालायचे, डब्यात ठेवायचे नाहीत.

आता क्लीट. इथे घाई करू नका, अर्धा तास द्या.

बूट घालून, पट्टे लावून उभे राहा. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, करंगळीच्या मुळाशी बाहेरून तसाच. दोन्ही जागी बुटावर चिकटपट्टी लावून खूण करा. करंगळीची खूण मागे येते. पेडलची दांडी या दोन खुणांच्या मधे यायला हवी. शंका असली तर क्लीट थोडी मागे, टाचेच्या दिशेने घ्या. पुढे घेतली की पोटरी आणि चवडा दोघांवर ताण वाढतो. एसपीडी क्लीटचं निमुळतं टोक बोटांकडे.

कोनासाठी टेबलावर बसून पाय मोकळे लोंबू द्या. बोटं सरळ आहेत की जरा बाहेर वळलीत ते पाहा आणि क्लीट त्याच कोनात लावा. एखाद्याचा एक पाय सरळ आणि दुसरा बाहेर असतो, तेव्हा दोन्ही बुटांवर क्लीट आरशासारखी सारखी यायलाच हवी असं नाही.

आडवी जागा सुरुवातीला मधोमध. टाच क्रँकला घासत असेल तर क्लीट आतल्या बाजूला, अंगठ्याकडे सरकवा, म्हणजे पाय बाहेर जातो. इथे लोक हमखास उलटं करतात.

बोल्टला ४ मिमीची अ‍ॅलन, आट्यांना ग्रीस, टॉर्क ५ ते ६ न्यूटन-मीटर. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा असं नको, आलटून पालटून. पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा, कारण क्लीट सोलमध्ये थोडी रुतते आणि बोल्ट ढिले होतात. ढिली क्लीट सर्वांत धोकादायक: टाच वळवली की क्लीट बुटावरच फिरते आणि पाय सुटतच नाही.

शेवटी सीट. जाड सोलचे रनिंग शूज जाऊन सायकलिंगचे बूट आले की सीट आणि पाय यांमधलं अंतर बदलतं. बूट घालून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. कंबर एका बाजूला कलंडत असेल तर सीट उंच आहे.

---

घाटमाथा

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. एम५२० आणि कडक सोलचे दोन बोल्टवाले बूट, इथपर्यंत आलोय. दोन शंका. एसएच५६ नावाची क्लीट मिळते, ती कुठल्याही दिशेने सुटते म्हणतात. सिग्नलच्या भीतीसाठी तीच घेऊ का? आणि पावसाळ्यात या लोखंडाचं काय होतं?

---

कोकणकडा

एसएच५६ नको. ती टाच बाहेर वळवूनही सुटते आणि जोरात वर किंवा तिरकं ओढल्यावरही. ऐकायला छान, पण आपल्या रस्त्यांवर उभं राहून पेडल मारताना खड्डा आला की तीच क्लीट नको तेव्हा सुटते. तेव्हाचं पडणं सिग्नलवरच्या पडण्यापेक्षा महाग. शिवाय पाय कसाही ओढायची सवय लागते आणि पुढे दुसरी क्लीट लावली की पंचाईत. एम५२० सोबत एसएच५१ येते. ती टाच बाजूला वळवल्यावरच सुटते. तीच ठेवा आणि स्प्रिंग ढिली करा.

स्प्रिंगचा स्क्रू ३ मिमी अ‍ॅलनचा. पेडलच्या दोन्ही तोंडांना वेगळा, म्हणजे जोडीला चार. चारही उणे खुणेच्या दिशेने शेवटापर्यंत ढिले करा, पण स्क्रू बाहेर येईपर्यंत नाही. तिथून क्लिक मोजत चारही सारखे ठेवा. लोक वर दिसणारे दोनच सैल करतात, आणि मग पेडल उलटलं की पाय अडकून बसतो. महिनाभराने सवय झाली की दोन-तीन क्लिक आवळा.

पावसाचं. क्लीटवर गंज येतो, त्याने बिघडत काही नाही. बिघडतं ते बोल्टच्या डोक्यामुळे. षटकोनी खाचेत माती आणि बारीक खडी ठासून बसते, अ‍ॅलन की पूर्ण आत जात नाही, जोर लावला की खाच गोल होते, आणि मग ड्रिल करून बोल्ट काढावा लागतो. उपाय फुकटचा आहे: क्लीट बसवल्यावर खाचेत मेणबत्तीचं मेण थेंब थेंब भरा. काढायच्या वेळी टोच्याने उकरलं की चावी स्वच्छ जागेत बसते.

बुटाच्या तळातल्या चिरांमधून पाणी आत येतं. बुटासोबत एक चिकट पट्टी मिळते, ती आतला सोल उचलून चिरांवर लावायची असते. क्लीटची जागा पक्की झाल्यावरच लावा.

चिखलात उतरलात तर चढायच्या आधी बूट पेडलवर दोनदा आपटा. त्यानेही निघाला नाही तर काडीने खोबणी साफ करा. तीन बोल्टच्या क्लीटमध्ये चिखल भरला की पुढचं नाक पेडलमध्ये शिरतच नाही. राइडवरून आल्यावर स्प्रिंगवर चेनच्या तेलाचा एक थेंब आणि पुसून घ्या. जास्त घातलंत तर धूळच गोळा होईल.

---

ओलीचेन

सिग्नलबद्दल थोडं. तोल जातो तेव्हा पाय सुटत नाही म्हणून पडतात असं वाटतं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: डावा पाय सुटलेला असतो आणि सायकल उजवीकडे कलते. म्हणून थांबताना पाय डावाच सोडायचा आणि वजन डावीकडे टाकायचं. आपल्याकडे वाहनं उजव्या अंगाने जातात, त्यामुळे कललात तरी कडेच्या बाजूला कलाल.

थांबायच्या जागेच्या दहा मीटर आधी गियर हलका करा, डावं पेडल खाली आणा आणि टाच बाहेर फेका. पाय वर ओढू नका, नुसता वळवा. सिग्नल हिरवा दिसत असला तरी गर्दीच्या चौकात सोडलेला पाय पेडलवर नुसता ठेवून पार करायला हरकत नाही. घाटात तीव्र चढावर मात्र अगदी शेवटपर्यंत थांबू नका. वेग इतका कमी झालेला असतो की टाच वळवायला वेळच मिळत नाही.

सराव भिंतीला धरून करा, दोन्ही पायांनी पन्नास-पन्नास वेळा अडकवा-सोडा. मग गवताच्या मैदानावर. पहिली राइड रविवारी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर.

बूट संध्याकाळी मोजून घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. शिमानोच्या तक्त्यात ४२ नंबर म्हणजे २६.५ सेंमी. रुंद पंजासाठी नंबर वाढवू नका, टाच उचलली जाते आणि सुटण्याचा कोनही बिघडतो. त्याच नंबरात रुंद साचा मिळतो, तो विचारा.

---

तिसराबोल्ट

माझी हरकत मागे घेतो, कडक सोल घेताय ना, मग पुरे. एकच गोष्ट: ‘वर ओढून ताकद मिळते’ या आशेने काही घेऊ नका. एका लयीत चालवताना सपाट आणि क्लिपलेस यांच्या ऑक्सिजन खर्चात चाचण्यांमध्ये विशेष फरक दिसलेला नाही. फायदा असा की खड्ड्यावर किंवा ९०-१०० च्या लयीत पाय पेडलवरून उडत नाही, आणि चवडा दर वेळी त्याच जागी पडतो. ती जागा चुकली असेल तर चूकही दर वेळी तीच होणार, म्हणून पाना१५ यांचा अर्धा तास खरंच द्या.

---

घाटमाथा

ठरलं. शेवटचं: क्लीट बसवल्यावर गुडघा दुखायला लागला तर आधी काय हलवायचं?

---

पाना१५

कुठे दुखतं त्यावर. वाटीच्या समोर दुखत असेल तर आधी सीट पाहा, बहुतेकदा खाली असते. गुडघ्याच्या मागे असेल तर सीट उंच. या दोन्हींत क्लीटला हात लावू नका. बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर बोटं जास्त आत वळलेली असू शकतात, आतल्या अंगाला असेल तर जास्त बाहेर.

हलवण्याआधी क्लीटच्या कडेने मार्करने रेघ मारा, म्हणजे परत फिरता येईल. एका वेळी एकच गोष्ट, २ मिमीच्या आत, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन छोट्या राइड. तीन बदल एकदम केले तर कशाने बरं झालं ते कळत नाही. क्लीट मागे घेतलीत तर सीट किंचित खाली घ्यावी लागते. आठ-पंधरा दिवसांत उतार नसेल तर पाना ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखवा, जाताना बूट सोबत न्या.

आणि बीआरएमच्या आदल्या आठवड्यात काहीही हलवू नका. जर्सीच्या खिशात ४ मिमीची अ‍ॅलन आणि एक जादा क्लीट बोल्ट तेवढा ठेवा.